लाभ, दोन, तीन

लोणीच्या हर्षालीला संशय घ्यायला कारण लागत नसे. बाजारातून आलेली कोथिंबिरीची जुडी सोडून ती काडी न काडी तपासायची. नवरा, समर्थ, वेळेवर घरी आला तरी हिच्या कपाळाला आठी: "आज लवकर कसे?" या स्वभावाने सासर बेजार होतं, पण पुण्याच्या कंपनीने घरी बसून काम दिलं ते याच स्वभावावर. दुसऱ्याच्या कोडमधली चूक तिच्या नजरेतून सुटत नसे.

कंपनी वेबअसेंब्लीचं रनटाइम बनवायची, म्हणजे परक्यांचे प्रोग्राम आपल्या आवारात सांभाळून चालवणारं इंजिन. आलेल्या प्रोग्रामला आधी मेमरीची पानं, म्हणजे सारख्या मापाचे कप्पे, मोजून द्यायची, मग त्याचा सुरुवातीचा डेटा त्या पानांत ओतायचा. हल्ली मात्र काही प्रोग्राम ओतण्याच्या पायरीलाच कोसळत होते. मोठे मजेत चालायचे, अगदी चिमुकले तेवढे मरायचे.

हर्षालीने लगेच नाव काढलं: तिच्याच टीममधला ऋषी. ओतायचा कोड त्याचा. शिवाय तो मीटिंगमध्ये गप्प बसतो, आणि गप्प बसणारा माणूस काहीतरी दडवतो, हे तिचं पक्कं मत. सकाळीच तिने मॅनेजर प्राचीला कळवूनही टाकलं. प्राचीचं उत्तर आलं, "दुपारच्या मीटिंगला दाखवून दे. मग त्याला या कामावरून काढते."

तिने ऋषीचा कोड पिंजून काढला. हाती काहीच लागेना. त्याचाही तिला संशयच आला.

पलीकडे सासूबाई, लंकाबाई, सप्ताहाला द्यायचा तांदूळ मापत होत्या. त्यांनी पायली भरून पिशवीत ओतली, "लाभ" म्हणाल्या आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"किती झालं, आत्याबाई?" हर्षालीने सवयीने विचारलं.

"लाभ."

"अहो, पण किती?"

"एक गं बाई! पयल्या मापाला एक कुठं म्हंत्यात? लाभ, दोन, तीन. एकच माप घातलं, आकडा घेतलाच न्हाई, म्हून काय पिशवी रिकामी हाये व्हय?"

हर्षालीचे हात थांबले. मेमरीतल्या पहिल्या पानाचा नंबर शून्य असतो. शेवटच्या पानाचा नंबर हीच कुणी पानांची संख्या धरली असेल तर? मोठ्या प्रोग्रामला शेवटचं एक पान कमी पडेल, त्याला पत्ताही लागणार नाही. पण ज्याला एकच पान हवं, त्याला मिळणार शून्य. मग ऋषीचा बिचारा कोड नसलेल्या जागेत डेटा ओतणार.

तिने पानं मोजायचा कोड उघडला, एक मिळवला. मेलेला प्रोग्राम सुरळीत चालला. मग ती ओळ कुणी लिहिली ते तिने पाहिलं. नाव तिचंच होतं.

"चालू झालं ना?" मागून समर्थ म्हणाला. "मग गप ऱ्हा. कुणाला कळतंय?"

तिलाही गप्पच राहायचं होतं. घरी बसून मिळालेलं असलं काम पुन्हा कुठून मिळणार? पण ऋषीचं नाव तिनेच पुढे केलं होतं, आणि त्याची तिला फार लाज वाटत होती.

मीटिंगमध्ये ती म्हणाली, "चूक माझी आहे. ऋषीचा कोड चोख आहे."

प्राचीने तोंड उघडायच्या आत बोलला तो ऋषी.

"मला सोमवारीच दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?" हर्षालीने विचारलं.

"तू सगळ्यांचं तपासतेस ना? म्हटलं, स्वतःचं कधी तपासतेस ते बघू."

हर्षालीचे कान तापले. आपल्या ओळी उघडून बघाव्यात, हे आजवर तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.