गानिमने जोडलेला कॉम्प्युटर

गानिम माझ्या बहिणीचा, मुनीराचा नवरा. कुवेतच्या पालिकेत बागांच्या नळांवर देखरेख करायचा आणि ऑफिस सुटलं की इंजिनिअर व्हायचा. ही पदवी त्याला दुऐजने दिली होती. दुऐज त्याचा लहानपणचा मित्र. संध्याकाळी गानिमच्या दीवानियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, गादीवर लोळत चहा प्यायचा आणि चहाच्या बदल्यात वाहवा करायचा.

गानिमची जुनी जीप वाळूत उत्तम चालायची. तेच त्याला खुपलं. वाळूच्या टेकड्या चढायच्या शर्यतीतली पोरं इंजिनाचा मूळचा कॉम्प्युटर काढून बाजारातला, हवा तसा शिकवता येणारा कॉम्प्युटर बसवतात. यानेही तो आणला. ती पोरं जोडणी जाणकाराकडून करून घेतात, एवढं मात्र त्याने कानाआड केलं. चार व्हिडिओ पाहिले, पक्कड घेतली, झालं.

कॉम्प्युटरचा पहिला डबा एका दुपारीच गेला. पाच व्होल्टच्या तारेत याने बॅटरीचे बारा व्होल्ट सोडले. धूर निघाला.

"नव्या प्लास्टिकचा वास आहे," गानिम म्हणाला.

"नव्याला येतोच थोडा," दुऐज म्हणाला.

दुसरा आणला तेव्हा वायर कमी पडली, म्हणून दारावरच्या घंटीची उरलेली वायर घेतली. सगळी पांढरी. कुठली कशाला गेली, हे दुसऱ्या दिवशी त्यालाच सांगता येईना. सांधे नुसते पिळलेले, वर टेप. साहजिकच इंजिन मध्येच बंद पडायचं. गानिमने शोध लावला की दोष किल्लीचा आहे! मग किल्लीला वगळून त्याने कॉम्प्युटर आणि पेट्रोलचा पंप थेट गाडीत मागे बसवलेल्या बॅटरीला जोडले. बंद करायचा स्विच मागच्या सीटखाली. वाकून हात घालावा लागायचा.

पुढे लाल दिवा लागायला लागला. पायाच्या पेडलमधून दोन वेगळे सिग्नल येतात. ते एकमेकांशी जुळले नाहीत, तर कॉम्प्युटर इंजिनाची ताकद स्वतःहून कमी करतो. गानिमचे जुळेनात.

"एका पायाला दोन तारा कशाला?" असं म्हणून त्याने एकच तार दोन्हीकडे जोडली. दिवा विझला. दुऐजने टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "दाजी, तो दिवा काहीतरी सांगत होता."

"तू दातांचा डॉक्टर ना? मग दातांतच बघ."

अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा उंटाची दाढ काढणं सोपं.

फेब्रुवारीत आम्ही सगळे वाळवंटात तंबू ठोकून राहिलो होतो. दुपारी मचबूसचं, म्हणजे मसालेदार मटण-भाताचं पातेलं चुलीवर होतं, मुलं लांब पतंग उडवत होती. गानिमने जीप काढली. दुऐज मोबाइल धरून समोर उभा राहिला.

"बू राकान, आवाज येऊ दे!" थोरल्या पोराच्या, राकानच्या नावावरून तो गानिमला अशीच हाक मारायचा.

"त्याला बाजूला तरी होऊ द्या," मुनीरा ओरडली.

"बायकांनी भात बघावा," गानिम म्हणाला आणि गिअर टाकला.

पेडलच्या वरची पांढरी वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. ती शेजारच्या तारेला टेकली आणि कॉम्प्युटरला वाटलं, पाय पूर्ण दाबलाय. खातरजमा करायला दुसरा सिग्नल नव्हताच. जीप किंचाळत सुटली. दुऐजला पुढच्या बंपरचा तडाखा बसला, तो बाजूला फेकला गेला. चूल, पातेलं, स्वयंपाकाचा तंबू सगळं घेऊन गाडी पाण्याच्या टाकीवर आदळली. तरी चाकं वाळू उडवतच होती. गानिम ब्रेकवर उभा, हातात किल्ली. फिरवतोय, फिरवतोय! गिअर न्यूट्रलला टाकावा, हे इंजिनिअरसाहेबांना सुचलं नाही.

मुनीराने मागचं दार उघडलं, बॅटरीवरची पांढरी तार धरली आणि हिसका दिला. टेपसकट हातात आली. इंजिन थांबलं. त्याच्या सगळ्या कामात कुणाच्या उपयोगी पडला असेल तर तो तेवढाच एक कच्चा सांधा.

दुऐज वाळूत विव्हळत होता. मांडीचं हाड मोडलं होतं. मी त्याचा पाय फळीला बांधत असताना गानिम माझ्या मागे येऊन म्हणाला, "बघितलंस? इंजिनात ताकद किती आहे!"

मुनीराने त्याच्या तोंडात मारली. मुलांसमोर, सगळ्यांसमोर. मला ते बघून बरं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

दुऐजला हॉस्पिटलमधून घरी यायला बरेच दिवस लागले. एक पाय आखूड राहिला. शुक्रवारी मैदानावर फुटबॉलचा पंच म्हणून धावायचा, ते सुटलं. गानिम त्याला भेटायला गेला तो चॉकलेटचा डबा घेऊन. "माल हलका निघाला रे, जोडणीत काही चूक नव्हती," असं सांगू लागला.

"बू राकान," दुऐज म्हणाला, "डबा ठेव आणि जा."

मुनीराने जीप भंगारात घातली. दीवानियात आता नवी मंडळी बसतात. परवा तिथे गानिम कुणाला तरी समजावत होता की घरातला एसी मोबाइलवरून चालवायची वायर तो स्वतःच टाकणार आहे.

मी चहा अर्धा टाकून उठलो.