ध्वज घराण्याची वारसनोंद

राजघराण्यातल्या भानगडींची आमच्या मोठ्या बाबूंइतकी खडान्‌खडा माहिती अख्ख्या नागपुरात कुणाला नव्हती, आणि अडचण एवढीच होती की ते राजघराणं कधी जन्मालाच आलं नव्हतं. सदर भागातल्या ज्या सरकारी कचेरीत मी ऐन पंचविशीत चिकटलो, तिथे मोठे बाबू वारसाच्या नोंदींचं टेबल सांभाळत. कुणी गेलं की त्याच्या शेतावर पोराबाळांची नावं चढवायची, नोटीस काढायची, पंधरा दिवस थांबायचं, कुणी हरकत घेतलीच तर सुनावणी लावायची. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं, की जगातला कुठलाही गुंता याच रीतीने सुटतो अशी त्यांची खात्री होऊन बसली होती. दुपारी डबे उघडले की ते वांग्याच्या भाजीत पोळी बुडवत ध्वज घराण्याची कथा पुढे नेत. सात तलावांचं राज्य, राजवाड्याच्या दाराशी पांढरा वाघ, आणि त्या वाघाची खासियत अशी, की राजरक्ताच्या माणसाने हाक मारली तरच तो खाली बसायचा.

कथा सगळी प्रेमाची. राणी मंजुळावतीचं मन तलावातल्या नावाड्यावर, राजा मेघध्वजाचं मन राणीवर, सेनापतीच्या बहिणीचं राजावर, आणि नावाड्याचं मन कुणावर हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण मोठे बाबू स्वभावाने इतके लाजाळू, की प्रेमाचा प्रसंग आला की त्यांची भाषा एकदम कचेरीची व्हायची. राणी चांदण्यात नावेत उतरली, नावाड्याने वल्हं खाली ठेवलं, आमच्या टायपिस्टबाईंनी घास हातातच धरला, आणि मोठे बाबू चष्मा पुसत म्हणाले, "मग उभयतांच्या संमतीने जे व्हायचं ते झालं. दोन वाजले, चला." बाईंनी त्या दिवशी चिडून तीन अर्जांवर एकच तारीख टाइप केली. ज्या आठवड्यात राजमाता वारली, त्या आठवड्यात मोठ्या बाबूंनी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती दुःख' असं लिहिलेलं पाहून साहेब भेटायला त्यांच्या घरी गेले, आणि मोठ्या बाबूंच्या बायकोने त्यांना चहा देत शांतपणे सांगितलं, "आमच्या घरचं कोणी नाही जी, यांच्या वहीतलं आहे."

वही खरोखरच होती. लांबुडकी, लाल कापडी बांधणीची, स्वतः विकत आणलेली. सरकारी कागदावर त्यांनी राजाचा एक शब्द लिहिला नाही. तिच्यात जन्म, लग्नं, मृत्यू, सगळं रकाने पाडून लिहिलेलं, आणि कानामागचं पेन जे निघायचं ते त्या वहीसाठीच. एकच नोंद दोनदा चढलेली त्यांना खपत नसे. आमच्यापैकी कुणाच्या हातून तसं झालं, की ते दिवसभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसत.

मी ही कथा रोज घरी नेत असे. माझे बाबा गावची शेती भावाकडे सोपवून माझ्याकडे राहायला आले होते, आणि शहरात त्यांना करमत नव्हतं. संध्याकाळी मी दारात दिसलो की पाणी द्यायच्या आधी ते विचारायचे, "काय म्हणते गा मेघध्वज?" मग एके दिवशी बातमी आली की राणीचा मुलगा, कुमार हेमध्वज, बारा वर्षांचा झाला म्हणून त्याला वाघापुढे उभं केलं, त्याने हाक मारली, आणि वाघ बसायचा सोडून पाठ फिरवून चालता झाला. बाबा पाटावरून ताडकन उठले. "म्हणत नव्हतो मी? ते पोट्टं नावाड्याचं आहे. त्याले गादी कशी देता?" जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या वहीतून पान फाडून लेखी हरकत लिहिली, आणि मी ती दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबूंना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, पोच लिहून दिली आणि म्हणाले, "तुमच्या बाबांचं अक्षर चांगलं आहे. प्रकरण विवादग्रस्त झालं." ते पुढे वर्षभर विवादग्रस्तच राहिलं. बाबा दर सोमवारी तारीख विचारायचे.

याच वर्षी मी आणि बायकोने मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दवाखाने करून बायको थकली होती. आठ महिन्यांची एक मुलगी आम्ही बघून आलो, आणि तिने माझ्या बायकोचं बोट जे धरलं ते सोडायलाच तयार नव्हती. बाबांना सांगितलं तर त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "कोणाची, कुठची, काही पत्ता नाही. रक्त म्हणजे रक्त असते. तुमच्या घरात आणा, मी गावाले जातो." बायको रात्रभर रडली. बाबांशिवाय घर आणि मुलीशिवाय घर, यातलं कुठलंच मला जमण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा न उघडता मी मोठ्या बाबूंच्या टेबलाशी जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना रडलोही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. फाइल बांधत ते म्हणाले, "लहान बाबू, तुमच्या बाबांची हरकत पेंडिंग आहे. रविवारी त्यांना घेऊन या."

सुनावणी त्यांच्या घरच्या बैठकीत झाली. मोठ्या बाबूंनी उन्हाळ्यात कोट घातला होता. समोर लाल वही, बाजूला शेव आणि चहा.

"हरकतदार हजर?"

"तुमच्या समोरच त बसून राहिलो ना जी," बाबा म्हणाले.

"तुमचं म्हणणं?"

"पोट्टं राजाचं नाही. वाघानं पाठ फिरवली, आणखी काय पुरावा पाहिजे?"

"वाघ हजर होता, हे दप्तरात आहे. पण त्याचा जबाब नाही, सही नाही, अंगठा नाही. पुढे बोला. राजाला नावाड्याचं माहीत होतं काय?"

बाबांनी डोकं खाजवलं. कथा त्यांना माझ्यापेक्षा पाठ होती. "होतं. त्यानं गच्चीवरून नाव पाह्यली होती."

"मग हेमध्वजाच्या बारशाला पाळण्याची दोरी कोणी ओढली?"

"राजानं."

"त्याला कोणी धरून आणलं होतं?"

"नाही. सोताहून आला."

"त्यानंतर पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली?"

बाबांनी नुसती मान हलवली. मोठ्या बाबूंनी कानामागचं पेन काढलं, लिहिलं, आणि सावकाश वाचून दाखवलं. "राजाने माहीत असून, स्वखुशीने दोरी ओढली. सबब मूल राजाचे. हरकत मुदतबाह्य, फेटाळण्यात येते. नोंद कायम." मग वही बाबांपुढे सरकवली. बाबांनी सही केली. शेवेला हात लावला नाही.

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. फाटकाशी उतरताना म्हणाले, "तुमची दोघाईची मिलीभगत आहे." मी शपथ घेतली. ते आत गेले आणि गावाला जायची पिशवी भरू लागले.

मुलगी घरी आली, बारशाचा दिवस ठरला, तरी पिशवी दाराशी तशीच. त्या दिवशी बाबा खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. माझी बहीण दोरी धरणार, एवढ्यात खुर्ची वाजली. बाबा उठले, बायकांमधून वाट काढत आले, बहिणीच्या हातून दोरी घेतली आणि ओढली. एकदा नाही, चांगली बायकांचा पाळणा म्हणून संपेपर्यंत. मग कोपऱ्यात बुंदीचा लाडू खात बसलेल्या मोठ्या बाबूंकडे बघून ते म्हणाले, "तारीख लिहून घ्या जी." बाबूंनी लाडू खाली ठेवला, कानामागचं पेन काढलं आणि लाल वहीत लेकीची नोंद चढवली. माझी बायको हुंदके देऊन रडली, आणि मीही.

बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. नातीने सायकल शिकावी म्हणून ते सत्तरीत तिच्यामागे पळत असत. लेक नववीत आहे. ती दत्तक आहे हे तिला आम्ही हेमध्वजाच्या कथेतूनच सांगितलं, त्यामुळे तिचा मेघध्वजावर फार जीव. मोठे बाबू शहराच्या टोकाला, बेसाला, पुतण्याच्या फ्लॅटमध्ये असतात. बायको गेली, आणि मागून एकेक आठवण गेली. राणी मंजुळावतीचं लग्न ते आता कधी सेनापतीशी लावतात, कधी वाघाशी. मला ते अर्जदार समजतात.

गेल्या महिन्यात एका दुपारी लेकीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तिला बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "तू कोणाची वं?"

आमच्याकडे कुठल्याही पोरीला कुणीही म्हातारं असंच विचारतं. तरी मी मध्ये पडून उत्तर द्यायला निघालो. लेक मात्र सरसावून बसली.

"माझी दोरी आबाजींनी ओढली," ती म्हणाली. "माहीत असून. स्वतःहून."

मोठ्या बाबूंची पाठ ताठ झाली. "पंधरा दिवसांत हरकत?"

"कोणीच नाही घेतली."

त्यांचा हात कानामागे गेला. तिथे आता पेन नसतं. लेकीने स्वतःचं दिलं, पुढ्यातल्या वर्तमानपत्राची कड त्यांच्यापुढे धरली, आणि त्यांनी दोन शब्द लिहिले: नोंद कायम. खाली सही. ती कड लेकीने फाडून कंपासपेटीत ठेवली आहे.

एकच नोंद दोनदा चढवणं ही आमच्या कचेरीतली मोठी चूक. मोठ्या बाबूंच्या हातून उभ्या नोकरीत ती कधी झाली नाही. त्या दुपारी झाली, आणि ती दुरुस्त करायला मी कुणाला हात लावू देणार नाही.