चौदावं रीळ

एका चित्रपटावरून चाळीस वर्षं भांडणारे मित्र तंजावरात शोधले तर सापडतील. पण तो चित्रपट आपल्याच हातून उलटासुलटा झाला हे पक्कं ठाऊक असून चाळीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले विश्वेशराव एकटेच.

विश्वेशराव तरुणपणी थिएटरात ऑपरेटर होते. घरातले बाकीचे सगळे शाळामास्तर नाहीतर सरकारी नोकर, आणि हा एकटा वरच्या कोंदट खोलीत प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनचा धूर खात उभा. पुढे थिएटर पाडून तिथं कल्याणमंडप झाला आणि मालकानं त्यांना व्यवस्थापक म्हणून ठेवून घेतलं. जिथं पडदा होता तिथं आता नवरानवरी बसतात. लग्नाच्या गर्दीत कुणी विचारलंच की मामा, आधी काय करत होता, तर ते सांगतात, "पडम दाखवीत होतों." पडम म्हणजे सिनेमा. एवढं सांगतानाही त्यांचा आवाज थोडा मऊ होतो.

मित्र दोन. राजगोपाल पापनाशमच्या शाळेत मास्तर, बोलता बोलता डोळ्यांत पाणी आणणारा. गोपालकृष्ण ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत; फायलीतल्या दोन तारखा मागेपुढे झाल्या तर त्याला जेवण जात नसे. तिघं दर शुक्रवारी संध्याकाळी कॉफीच्या दुकानात बसत, आणि विषय कुठूनही निघाला तरी 'पदिनेळाम मैल'वर येऊन थांबे. पदिनेळाम मैल म्हणजे सतरावा मैल. हा चित्रपट तंजावरात नऊ दिवस चालला आणि दहाव्या दिवशी लोक विसरले. हे दोघे तेवढे विसरले नाहीत.

गोष्ट साधी होती. एक बस कंडक्टर, त्याची बायको. रोज संध्याकाळी ती सतराव्या मैलाच्या दगडापाशी त्याच्या बसची वाट बघत उभी राहते. एक दिवस ती तापानं जाते. तो रिकाम्या घरात येतो. शेवटी बस त्या दगडापाशी येते, तो घंटी वाजवतो आणि उतरतो. संपलं.

त्या काळी एकच प्रिंट दोन गावांत चालवत. तिरुवैयारूला खेळ आधी सुरू व्हायचा. तिथली झालेली रिळं दोन-दोन करून पिशवीत घालून सायकलवाले तंजावरला आणायचे. नवव्या दिवशी, शेवटच्या खेळाला, दहा रिळं सुरळीत झाली. अकरावं-बारावं आणणाऱ्याच्या सायकलचं चाक वाटेत फुटलं, आणि त्याच्या मागून निघालेला तेरावं-चौदावं घेऊन आधी पोचला. पडदा पांढरा. खाली शिट्ट्या, खुर्च्यांवर थापा. मॅनेजर जिन्यातून ओरडत वर येतोय. विश्वेशरावांनी हातात होतं ते तेरावं रीळ चढवलं. बाई गेली, नवरा रिकाम्या घरात येऊन बसला. एवढ्यात घामाघूम झालेला पहिला सायकलवाला धापा टाकत आला. आता ही दोन रिळं न दाखवता परत पाठवायची? पान मांडून पाहुण्याला उपाशी उठवल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी अकरावं लावलं, मग बारावं, आणि शेवटी चौदावं.

म्हणजे झालं असं, की मेलेली बाई पुढची वीस मिनिटं पडद्यावर जिवंत होती. केस विंचरत होती, रसम करत होती, दगडापाशी उभी राहून हसत होती. आणि त्यानंतर ती बस आली.

खाली दोघे मित्र बसले होते. खेळ सुटल्यावर राजगोपालनं आधी डोळे पुसले. मग म्हणाला, "असा डायरेक्टर पुन्हा होणें नाहीं. माणूस गेल्यावरच तर नीट दिसतें."

"तें असूं दे," गोपालकृष्ण म्हणाला. "मेलेली बाई उठून रसम कशी करते, तें सांग मज."

विश्वेशरावांनी तेव्हाच सांगायचं. पण आधी नोकरीची भीती होती, आणि ती गेली तेव्हा राजगोपालचा चेहरा आडवा आला. दर शुक्रवारी तो चित्रपट आणखी थोर होत गेला, दर शुक्रवारी गोपालकृष्णाचं तेच एक वाक्य आलं, आणि दर शुक्रवारी सांगणं आणखी अवघड झालं. प्रिंट परत गेली ती कुणाला पुन्हा दिसली नाही. विश्वेशराव कॉफी फुंकून फुंकून पीत राहिले.

मग गोपालकृष्णाची बायको चंद्रमती गेली. वर्षभरात तोही अंथरुणाला खिळला. एका दुपारी विश्वेशराव एकटेच उशाशी बसले असताना तो म्हणाला, "विश्वेशा, राजगोपालास सांग, तो जिंकला. चंद्रमती गेली, आणि दुसरे दिवशीं सकाळीं स्वयंपाकघरांत भांडें वाजलें. मज वाटलें तीच. तें पडम खरें होतें. मी उगीच इतकीं वर्षें भांडलों."

सांगायची हीच वेळ होती. गोपाला, तूच बरोबर होतास, चूक माझी. शब्द ओठांपर्यंत आले, आणि विश्वेशराव म्हणाले, "सेरी, बरें, सांगतों."

पंगुनी महिन्यात गोपालकृष्ण गेला. निरोप ऐकून राजगोपालला आनंद झाला नाही. भांडायला कुणी नाही म्हटल्यावर जिंकून तरी काय करायचं. शुक्रवार चालू राहिले, पण त्या चित्रपटाचं नाव निघेनासं झालं. विश्वेशरावांना ते जुनं वाक्य इतकं ऐकावंसं वाटे की कॉफीवाल्यानं मागून काही विचारलं तरी ते चटकन वळून बघत.

आणि यंदा राजगोपालची नात हरिता हिचा चेन्नईहून फोन आला. कुठल्याशा गोदामात 'पदिनेळाम मैल'ची प्रिंट सापडली, कुणी ती स्वच्छ केली, आता इंटरनेटवर आहे आणि कॉलेजातली पोरं त्याला कल्ट म्हणतात. "मी चाळीस वर्षें तेंच सांगतों आहें," राजगोपाल म्हणाला आणि विश्वेशरावांना रविवारी सकाळी बोलावलं. विश्वेशरावांनी एक रविवार गुडघ्यावर ढकलला, दुसरा मंडपातल्या मुहूर्तावर. तिसऱ्या रविवारी सबब उरली नाही.

टीव्हीवर चित्रपट लागला. रिळं क्रमानं आली. ती हसली, वाट बघत राहिली, मेली, तो आला, बस आली, संपलं.

"इतकेंच?" राजगोपाल म्हणाला. त्याचा चेहरा शाळेतून नापास होऊन आल्यासारखा झाला होता. "बरें आहे. वाईट नाहीं. पण हें तें नव्हे. कोणी कापलें हें?"

"कोणी कापलें नाहीं," विश्वेशराव म्हणाले. "हेंच खरें. तुम्ही पाहिलें तें मी केलेलें." आणि त्यांनी सायकल, चाक, शिट्ट्या, मॅनेजर, सगळं सांगून टाकलं. सांगताना खाली मान घालून ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

राजगोपालनं रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला. मग त्यानं एकच विचारलं, "गोपालास ठाऊक होतें?"

"नाहीं."

राजगोपालनं उठून रिमोट विश्वेशरावांच्या हातात दिला. "लाव. तुझ्यासारखें लाव."

विश्वेशरावांचा अंगठा आधी बटणांवर चाचपडला, मग सरावला. रीळ कुठं संपतं हे हाताला अजून कळत होतं. त्यांनी तेरावं आधी लावलं. बाई गेली. नवरा रिकाम्या घरात बसला. मग ते मागे गेले, आणि ती केस मोकळे सोडून चुलीपाशी आली, रसमाला फोडणी देऊ लागली.

दोघंही थांबले. काय यायचं होतं ते दोघांना ठाऊक होतं. पण कुणी विचारलं नाही, मेलेली बाई उठून रसम कशी करते म्हणून. ज्यानं विचारायचं तो या खोलीत नव्हता.

ती दगडापाशी जाऊन उभी राहिली, रस्त्याकडे बघून हसली. बारावं रीळ संपत आलं. आता बस आणायची.

"लाव," राजगोपाल हळूच म्हणाला.

विश्वेशरावांनी बटण दाबलं आणि पुन्हा मागे गेले. ती पुन्हा चुलीपाशी आली. राजगोपालनं त्यांच्याकडे पाहिलं. चौदावं रीळ लावायला विश्वेशरावांचा हात होईना.