मुर्रीची बुढीमाय

गोंदियातल्या पोरांचा वाढदिवस तेव्हा टीव्हीवर व्हायचा. मुन्नालाल केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. दुकानाच्या गच्चीवर पत्र्याची खोली, तिच्यात एक कॅमेरा, आणि संध्याकाळी पोरं शाळेतून आली की त्या चॅनलवर बुढीमाय यायची. बुढीमाय म्हणजे बाहुली. वाळक्या तुंब्याचं डोकं, सावरीच्या कापसाचे केस, चिंचोक्यांचे डोळे, तोंडात मक्याच्या दाण्याचा एकुलता एक दात आणि नाकावर तारेचा चष्मा. तिच्या लुगड्यात हात घालून पडद्याआड बसायची ती गोंदियाजवळच्या मुर्री गावची कुंताबाई, तिथल्या बालवाडीतली मदतनीस.

मुन्नालालही मुर्रीतच राहायचा. त्याची पोरं बालवाडीत कुंताबाईची बाहुली पाहून घरी आली की बुढीमायशिवाय दुसरं बोलत नसत. शेवटी कंटाळून त्यानं १९९९ साली कुंताबाईला गच्चीवर नेऊन बसवलं. ‘‘भाभी, जो वहाँ करते हो, वही यहाँ करो,’’ म्हणाला. दिग्दर्शन म्हणाल तर एवढंच.

कार्यक्रमाची खरी गंमत वेगळीच होती. आईबाप आधीच मुन्नालालला फोन करून सांगून ठेवत, अमुक पोराचा वाढदिवस आहे आणि भेट अमुक जागी लपवली आहे. मग बुढीमाय त्या पोराचं नाव घेऊन खोकायची, डोकं खाजवायची, ‘इसरली वो मी’ म्हणून रडकुंडीला यायची आणि एकदम खिदळून ओरडायची, ‘‘पलंगाखाली पाह्य ना बाप्पा!’’ बहुतेक घरांत लपवायला पलंगाखालचीच जागा असे. पोरगं धूम पळायचं, आणि खोका तिथं असायचाच. बुढीमायला सगळ्या घरांतलं सगळं दिसतं, यावर गोंदियातल्या पोरांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

कुंताबाई दिसायला चारचौघींसारखी. पण बाजारात तिनं नुसतं ‘वांगे कसे दिले’ विचारलं तरी कुणाच्या तरी पदराआडून पोरगं किंचाळायचं, ‘‘बुढीमाय!’’ मग ती वांगी न घेताच पुढे जायची, आणि चालताना मान जरा ताठ असायची. एवढा मान तिला माहेरी मिळाला नव्हता, सासरीही नाही.

पुढे घराघरांवर डिशच्या छत्र्या लागल्या आणि मुन्नालालचं चॅनल बंद पडलं. बुढीमाय पिशवीत घालून खुंटीला लटकली. ती खाली उतरली ती कुंताबाईचा मुलगा धनेंद्र याला मुलगी झाली तेव्हा. नात टिना. दर वाढदिवसाला कुंताबाई दाराच्या पडद्याआड बसायची, टिना समोर पाट टाकून बसायची, आणि भेट आजीच्या पलंगाखाली असायची. टिनाला हे दरवर्षी ठाऊक असायचं, तरी दरवर्षी ती धापा टाकत पळायची. कुंताबाईला आणखी काही नको होतं.

अशात एक दाढीवाला पोरगा दारात आला. जवळच्याच कामठा गावचा उमेंद्र, पुण्याला सिनेमा शिकून आलेला.

‘‘मावशी, बुढीमायवर पिक्चर काढून राहिलो,’’ तो म्हणाला. ‘‘भुताचा.’’

कुंताबाई पोट धरून हसली. ‘‘बुढीमायचं कोनाले भेव लागते रे बाबू?’’

‘‘मले लागते,’’ उमेंद्र म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. लहानपणी ते गोंदियात भाड्यानं राहायचे. त्याच्या वाढदिवसाला आईनं केबलवाल्याला फोन केला होता. भेट बाप आणणार होता आणि पलंगाखाली ठेवणार होता. बाप त्या दिवशी घरी आलाच नाही.

‘‘तुमी माहं नाव घेतलं. मी पलंगाखाली घुसलो. काईच नव्हतं, मावशी, निस्ता अंधार. मी कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवून राहिलो, अन् तिकडं टीव्हीवर तुमी हासूनच राहिल्या.’’

खोका नसूही शकतो, हे कुंताबाईच्या कधी मनातच आलं नव्हतं. असा हा एकच होता, की आणखीही कितीक पोरं अंधारात हात फिरवत राहिली? तिच्या जिवाला चटका बसला. म्हणूनच ती हो म्हणाली. त्या पोराचं काहीतरी आपल्याकडे राहून गेलंय, असं तिला वाटलं.

शूटिंग कामठ्याला एका बंद घरात झालं. उमेंद्रनं बुढीमायचा चष्मा काढून ठेवला, केस मोकळे सोडले. चष्म्याविना ते चिंचोके भलतेच काळे दिसत होते.

‘‘मावशी, थेच वाक्य. पन हळू बोला, अन् हासू नका.’’

कुंताबाईनं डोळे मिटले आणि दबक्या आवाजात ‘पलंगाखाली पाह्य ना बाप्पा’ म्हटलं. कॅमेरा धरलेल्या पोराच्या अंगावर काटा आला, तो त्यानं बाही वर करून सगळ्यांना दाखवला, आणि मग टाळ्याच टाळ्या. खरं सांगायचं तर त्या दिवशी ती खुशीत घरी आली. इतक्या वर्षांनी कुणी तिच्या आवाजाला टाळी दिली होती.

पिक्चर मोबाइलवर आला आणि त्यातला तेवढाच तुकडा गावभर फिरला. ज्यांनी लहानपणी पलंगाखालून खोके काढले होते, तेच आता एकमेकांना तो पाठवून दचकत होते आणि हसत होते. सून रविता हिच्याही फोनवर तो आला. टिनानं तो पाहिला. बाहुली पाहून ती घाबरली असती, तर समजावता आलं असतं. पण तिनं आवाज ओळखला. तो आजीचा होता.

टिना आजीजवळ झोपेना. आजीनं जेवायला हाक मारली तरी आईच्या मागे लपायची. वाढदिवस जवळ आला तशी कुंताबाईनं आशा धरली. त्या दिवशी तिनं बुढीमायचे केस विंचरून बांधले, चष्मा चढवला आणि पडद्याआडून नेहमीसारखी खिदळून म्हणाली, ‘‘पलंगाखाली पाह्य ना बाप्पा!’’

टिना अशी किंचाळली की शेजारची माणसं धावत आली. पोरीची चड्डी ओली झाली होती.

‘‘माय, ठेवा थे बाहुली,’’ रविता पोरीला उचलत म्हणाली. तिलाही रडू येत होतं. ‘‘थो आवाज काढूच नका आता. पोरगी झोपत नाही, कायले करता?’’

दुसऱ्या दिवशी रविता टिनाला घेऊन चोरखमाऱ्याला माहेरी गेली. धनेंद्र त्यांना पोचवायला गेला, घरात कुंताबाई एकटी उरली. बोलायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी ती बोलली नसती. आपल्याच आवाजाची तिला धास्ती बसली होती.

त्याच दुपारी उमेंद्र पेढे घेऊन आला. पिक्चर मुंबईला मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. कुंताबाईनं पेढा हातात घेतला, तो हातातच राहिला.

‘‘बाबू, पलंगाखाली पाह्य,’’ ती साध्या आवाजात म्हणाली.

मावशी मस्करी करते, असं वाटून उमेंद्र हसला. ती हसली नाही. त्यानं पलंगाकडे पाहिलं. गोधडीची कड जमिनीपर्यंत लोंबत होती. तो उठला, एक पाऊल पुढे गेला आणि थांबला.

‘‘नाही मावशी,’’ तो म्हणाला. ‘‘माह्याच्यानं होत नाही.’’

मग कुंताबाईच पलंगाची पाटी धरून खाली बसली, गोधडी वर केली आणि आत हात घातला. खोका ओढताना कोपरा कशाला तरी अडकून फाटला आणि आतला एक बूट फरशीवर पडला. छोटासा गुलाबी बूट, आपटल्यावर टाचेत लाल दिवे लागणारा. दिवे लुकलुकले आणि विझले.

‘‘कोनाचे?’’ उमेंद्रनं विचारलं.

‘‘टिनाचे,’’ कुंताबाई म्हणाली. ‘‘तिनं पाह्यलंच नाही.’’

उमेंद्र तिच्याजवळ जमिनीवर बसला. कुंताबाईनं बूट पदरानं पुसला, खोक्यात नीट ठेवला आणि खोका परत पलंगाखाली सरकवला. पुढच्या वर्षी ते बूट टिनाच्या पायाला होणार नव्हते.