समुद्रात सापडलेला काकांचा तांब्या

आधी सांगून टाकतो. काकांना समुद्राच्या तळाशी जो तांब्या सापडला, तो मीच तिथे ठेवायला लावला होता.

काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून ते जेवायला तेवढे खोलीबाहेर येत. बोललेच तर एकच गोष्ट: आपले पूर्वज कोकणातून झाशीला आले, त्यांचा एक भाऊ मात्र मालवणजवळ गलबतासकट बुडाला. शंभरदा ऐकलीय. मी म्हटलं, चला, भेटून येऊ त्याला. मस्करीत म्हटलं होतं. काका दुसऱ्या दिवशी बॅग भरून बसले.

तिकिटं पंधरा दिवसांनंतरची मिळाली, तेवढ्यात मला सुचलं. ओरछा गेटच्या कबाडीकडून चेपलेला तांब्या घेतला. दतिया गेटच्या भांडीवाल्याकडे आमचं आडनाव कोरायला दिलं.

"भैया, पुरानी चीज़ पे नया नाम?"

"आप तो लिखो."

आठ दिवस गच्चीवर मीठ आणि सिरका, म्हणजे व्हिनेगर, चोपडून ठेवला. मस्त हिरवा झाला.

झाशीहून कोकणची गाडी सरळ मिळते, दीड दिवस धरा. स्लीपर चालतो, जेवण घरचं न्या. कुडाळला उतरून एसटीने मालवण. आम्ही जानेवारीत गेलो. समुद्र शांत असतो, पण सकाळी पाण्यात दात वाजतात. डायव्हिंगचे माणशी दीड हजार घेतले. पोहता आलं नाही तरी चालतं, मला कुठे येतंय. काकांकडे डॉक्टरची चिठ्ठी मागितली, ती होती.

बोटीवर गाइडला हळूच तांब्या दिला.

"ह्यां काय?"

"काकांची गंमत करायचीय."

"खाली मोडकी होडी आसा, थंय ठेवतंय," म्हणाला आणि बुडी मारली.

मग माझा नंबर. खाली स्वतःचा श्वासच ऐकू येतो, बाकी काही नाही. प्रवाळ फोटोतल्यासारखं रंगीत नसतं, बरंचसं मातकट. मासे लग्नातल्या पाहुण्यांसारखे बघून पुढे जातात. होडीच्या फासळ्या वाळूतून वर आलेल्या. कुणा मच्छीमाराची, फार जुनी पण नाही.

काका उतरले तेव्हा मी मोबाइल रोखून बसलो. वर आले ते तांब्या छातीशी धरून, थंडीने कुडकुडत. नावावरून बोट फिरवलं.

"सापडला रे," म्हणाले आणि रडायला लागले.

गाइड माझ्याकडे बघत होता. मी मोबाइल खिशात टाकला.

"काका, तो तांब्या..."

"गप्प बस जरा."

गाडीत सांगू म्हटलं. पण भोपाळला काका शेजारच्या माणसाला सांगत होते, "हमारे घर का आदमी था जी," आणि स्वतःहून दुसरा समोसा मागत होते. राहू दिलं.

आता काका सहाला उठतात, अंघोळ करून त्याच तांब्यातून त्या बुडालेल्याला पाणी देतात. मग बैठकीत येऊन बसतात. लोक तांब्या बघायला येतात, काका चहा करायला सांगतात. घरात आवाज असतो.

परवा म्हणाले, "बुडाशी गळतोय. दतिया गेटला टाका मारून आणतो."

तोच भांडीवाला. मी तांब्या जवळजवळ हिसकावून घेतला, म्हटलं मी आणतो.

भांडीवाल्याला गप्प केलंय. गाइड लांब आहे. राहिलात तुम्ही. काका ब्लॉग वाचत नाहीत, पण आमच्या आत्याला मिळेल ते ग्रुपवर टाकायची सवय आहे. मालवणला जरूर जा, होडीपण बघा. पण हात जोडतो, कुणाला सांगू नका.