लॅम्परूममधला आरोपी

हिंगोली स्टेशनवर मी एका सख्ख्या भावाला बहीण पळवल्याबद्दल पकडलं आणि रॉकेलच्या खोलीत कोंडलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. 

तेव्हा मीटरगेज होतं. निजामाच्या काळातली इमारत, तिच्या टोकाला लॅम्परूम, म्हणजे सिग्नलचे दिवे नि रॉकेलची पिंपं ठेवायची खोली. मी नवाकोरा फौजदार. अकलेपेक्षा मिशी मोठी.

स्टेशनबाहेरच्या चहावाल्यानं खबर आणली, "साहेब, तांड्यावरच्या बाईला एकजण पळवून राहिला. लई रडून राहिली ती!"

फलाटावर बाई खरंच त्या माणसाला धरून मोठ्यानं आक्रोश करत होती. मी बेडी ठोकली आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "बायका पळवणारा सापडला!"

झालं. गर्दी उसळली, दगड आले. बाईला हवालदाराबरोबर वेटिंग रूममध्ये धाडलं आणि आरोपीला घेऊन मी लॅम्परूममध्ये शिरलो. आतून कडी लावली.

"कोण ती तुझी?"

"बहीण हाय साहेब. लग्नाला न्यायला आलतो."

"मग रडली काहून?"

"आमच्या बंजाऱ्यांत बाया भेटल्यावर गळ्यात पडून रडतातच. मावशी बी येऊन राहिली गाडीनं. तिला इचारा."

"मला बनवतो का?"

बाहेरून कोणी ओरडलं, "त्याला बाहेर काढा, न्हाई तर खोली पेटवतो!" दाराच्या फटीतून पेटती बिडी दिसली. पिंप पाझरत होतं. बुटाखाली रॉकेल होतं. तोही कोंडलेला, मीही. बेडी तेवढी त्याच्या हातात होती.

वेटिंग रूममधून बाईचं रडणं येतच होतं. मघाशी ती भेटीनं रडली, आता भावाच्या जिवाच्या भीतीनं. मी दोन्ही वेळा ती फिर्यादच समजलो. आता माझी सगळी भिस्त गाडीवर.

गाडी आली. फटीतून पाहिलं, एक म्हातारी उतरली. बाई हवालदाराला चुकवून धावली, तिच्या गळ्यात पडली, आणि दोघींनी त्याच सुरात हंबरडा फोडला. म्हातारीला कोण पळवणार? हे रडणं भेटीचंच, हे गर्दीलाही कळलं. दगड हातातच राहिले. गर्दी पांगली.

माझे हात इतके कापत होते की बेडीची किल्ली शेवटी त्या भावानंच फिरवली.

त्यानंतर कुठल्याही तपासात मी आधी रडणाऱ्याला विचारलं, मग खबऱ्याला. हे शहाणपण त्या मावशीचं. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून ती म्हणाली होती, "पोरगी रडत व्हती, अन् तुमी ऐकलं चहावाल्याचं! साहेब, टोपीखाली काई हाय का न्हाई?"