उपाशीपोटीची गोळी

खष्टीदेवीच्या गळ्याला गाठ होती. लग्न होऊन आली तेव्हा लिंबाएवढी असेल, साठी ओलांडेपर्यंत पेरूएवढी झाली. बागेश्वरच्या वरच्या गावांत तिच्या वयाच्या बायकांपैकी गलगंड नसलेली बाई शोधावी लागे, म्हणून कुणाला त्याचं नवल नव्हतं. तिला स्वतःलाही नव्हतं. दुखत नाही, खुपत नाही; सणाला गळ्यात चांदीची हसळी घालताना तेवढी आड यायची.

तिला सलत होती ती थोरली लेक, सरूली. चाळिशीला टेकली तरी उंची दहा वर्षांच्या पोरीची. कानाने ठार बहिरी, तोंडात शब्द नाही, चालताना पाय काठीसारखे ताठ. अशा माणसाला तिथे ‘लाटी’ म्हणतात, अगदी नावाने हाक मारावी तसं. सरूली गवत कापी, गोठा झाडी, आणि चहा वेळेवर मिळाला नाही तर पेला जमिनीवर आपटत बसे. ती जन्मल्यापासून खष्टीच्या नणंदेने, रधुलीने, एकच पालुपद धरलं होतं : “पोटुशी असताना ग्रहणात विळा हातात धरला हिनं. भोगा आता.” खष्टीला विळा धरल्याचं आठवत नव्हतं. पण इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकून ते तिला आठवायला लागलं होतं.

धाकटा कुंदन हल्द्वानीच्या रस्त्यावर जीप चालवी. त्याची बायको नीमा आली तेव्हा चढावर शेळीसारखी पळायची. पहिलं पोट तिसऱ्या महिन्यात पडलं आणि त्यानंतर पोरगी ओल्या लाकडासारखी झाली, काही केल्या पेटेना. जेठातल्या उन्हात अंगावर शाल, तोंड सुजल्यासारखं, फणीत केसांचे पुंजके. भाकरी तव्यावर टाकून तिथेच डुलकी घ्यायची.

“ब्वारी, म्हैस बसल्या बसल्या रवंथ तरी करते गं,” खष्टी सुनेला म्हणे. “तू तर नुसतीच बसतेस.”

“अंगात जोरच नाही, इजा.”

“जोर काय माहेराहून पाठवायचाय?”

इजा म्हणजे आई. सासूलाही नीमा तेच म्हणायची, पण अलीकडे तो शब्दही तिच्या तोंडून ओढत ओढत यायचा.

पुन्हा दिवस गेले तेव्हा कुंदन दोघींना जीपमध्ये घालून बागेश्वरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई तरणीच होती. कागद बघून म्हणाली, “थायरॉइड कमी आहे. गळ्यातली ग्रंथी पुरेसं काम करत नाही. म्हणून ही थंडी, ही झोप. आळस नाही हा.” मग तिची नजर खष्टीच्या गळ्यावर गेली. “घरात मीठ कुठलं खाता?”

“खड्याचं. पाट्यावर वाटून. पाकिटातल्याला चव कुठं असते? ते आम्ही म्हशीला घालतो.”

डॉक्टरीण हसली नाही. “तुम्हाला मुलं किती?”

खष्टीने दोन सांगितली, आणि का कोण जाणे, सरूलीचं सगळं सांगून टाकलं. कान, पाय, उंची. ग्रहणाचंही.

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. “आजी, पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. आईच्याच रसावर त्याचा मेंदू घडतो, कान घडतात. मिठात आयोडीन नसलं की आईच्या गळ्याला गाठ येते, आणि बाळाला तो रस कमी पडतो. ग्रहणाचा काही संबंध नाही. या डोंगरांत त्या काळी किती बायकांचं असं झालं. तुमचा दोष नाही.”

शेवटचं वाक्य खष्टीच्या कानांत शिरलंच नाही. परतीच्या वाटेवर ती जीपमध्ये गळ्यावर पदर धरून बसली. कुंदनने विचारलं, “थंडी वाजतेय का?” घरी पोचल्यावर तिने खड्याच्या मिठाचं गाडगं उचललं आणि खालच्या नाल्यात नेऊन रिकामं केलं.

दुसऱ्या दिवसापासून नीमाच्या औषधाचा ताबा तिने घेतला. रोज सकाळी चूल पेटवायची, कडक चहा करायचा, गुळाचा खडा घ्यायचा, आणि एका तळहातावर थायरॉइडची गोळी नि गावच्या आशाताईने दिलेली लोहाची गोळी, दोन्ही घेऊन सुनेच्या उशाशी उभं राहायचं. “घे. माझ्यासमोर गिळ.” आयुष्यात तिने कुणाला अंथरुणात चहा दिला नव्हता. शेजारणी म्हणाल्या, खष्टीला नातू दिसतोय. तिला नातू दिसत नव्हता. तिला रात्रंदिवस सरूली दिसत होती, पाळण्यातली, हाक मारूनही मान न वळवणारी.

महिन्याने पुन्हा रक्त तपासलं, तर ग्रंथी थकली की वाढतो तो आकडा उतरायच्या ऐवजी चढलेला.

“गोळी घेतेस ना?” डॉक्टरिणीने विचारलं.

“घेते,” नीमा म्हणाली.

“कशी घेतेस? कशाबरोबर?”

नीमाने मान खाली घातली. दवाखान्यात पहिल्या दिवशीच सांगितलं होतं : उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. तिच्या ते लक्षात होतं. पण चहाचा पेला घेऊन उभ्या असलेल्या सासूला नाही म्हणायची तिची छाती झाली नव्हती.

“मी देते,” खष्टीच म्हणाली. “चहाबरोबर. लोहाची पण तेव्हाच.”

“अहो, लोह आणि चहा या गोळीला अंगी लागूच देत नाहीत! लोह दुपारी घ्यायचं, चार तासांनी. आणि सकाळी गोळीनंतर तासभर तोंडात काही नाही.” तिने गोळीचं प्रमाण वाढवून दिलं. “बाळ वाढतं तशी गरजही वाढते. दर महिन्याला या, चुकवू नका.”

परतताना खष्टीच्या डोक्यात एवढंच घोळत होतं. एका पोरीचं नकळत झालं. सुनेच्या बाळाचं आपल्या हाताने, मायेने केलं.

मग घरात सकाळची चूलच उशिरा पेटू लागली. सुनेचा तास भरेपर्यंत कुणालाच चहा नाही. सरूली पेला आपटून आपटून पोचे पाडी. कुंदन कुरकुरला, “इजा, गोळी तिची आणि उपास आमचा?” पण खष्टी कुणाचं ऐकेना. नीमा दारात बसली की हिची नजर तिच्या पोटावर. “हललं का? आज हललं का?” नीमाच्या चेहऱ्यावरची सूज हळूहळू उतरली, अंगात ऊब आली, पायांत जोर आला, आणि जोराबरोबर जीभही आली.

एका दुपारी भट्टाची, काळ्या सोयाबीनची, डाळ निवडताना ती भडकली. “इजा, पुरे! मी तुम्ही नाही. माझं बाळ म्हणजे सरूलीदीदी नाही. तुमचं दुःख माझ्या पोटावर बसवू नका.”

खष्टीने डाळीतला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, “मग बसवू कुठं ते? तू सांग.”

नीमा रडली. खष्टीने तिला जवळ वगैरे घेतलं नाही. तेवढी सवय दोघींना नव्हती. पण त्या दिवसापासून ‘हललं का’ विचारणं तिने बंद केलं.

माघात मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत. दवाखान्यात बाळाची ग्रंथी तपासायला टाचेतून रक्त घेतलं, आणि चार दिवसांनी कुंदनच्या फोनवर निरोप आला की सगळं ठीक आहे. कुंदन अंगणात नाचला. खष्टीने “बरं झालं” म्हटलं, आणि नीमाचा डोळा लागलाय असं पाहून बाळाच्या मागे जाऊन टाळी वाजवली. बाळ दचकलं. तिने पुन्हा वाजवली.

“ऐकू येतं तिला, इजा,” नीमा डोळे न उघडता म्हणाली.

“माहितीय.”

“मग?”

खष्टीने हात पदरात लपवले.

अकराव्या दिवशी नाव ठेवायला रधुली आली. बाळाला बघून म्हणाली, “या सुनेनं ग्रहण नीट पाळलेलं दिसतंय.”

“ग्रहणाचं नव्हतंच ते, दीदी. मिठाचं होतं,” खष्टी म्हणाली. इतक्या वर्षांत तिने नणंदेला पहिल्यांदाच उलटून उत्तर दिलं होतं. “डॉक्टरीण बोलली.”

“मिठाचं?” रधुलीने हातातलं शिंगल, रव्याचं तळलेलं गोड वेटोळं, खाली ठेवलं. “मीठ तर मीही तेच खाल्लं, याच डोंगरावर. माझी चारही धडधाकट. मग तुझ्याच पोरीला का लागलं गं?”

याचं उत्तर डॉक्टरिणीकडे असेल, कुणाची ग्रंथी किती सोसते, त्यावर असतं म्हणे. खष्टीला ते धड सांगता आलं नसतं. पाहुण्यांसमोर तिने गळ्यावर पदर ओढला. नीमाने सासूकडे पाहिलं, मग बाळाला उचललं आणि कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या सरूलीच्या मांडीवर ठेवलं.

“अगं, लाटीकडं कशाला देतेस? पाडेल ती!” रधुली ओरडली.

“नाही पाडणार,” नीमा म्हणाली. “आत्या आहे तिची.”

सरूलीला काय कळलं कोण जाणे. ती बाळाकडे बघतही नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती. पण बाळाभोवती दोन्ही हात तिने असे ताठ धरले, की जेवणं उरकून बायका घरी गेल्या तरी ते सोडवायला खष्टीला एकेक बोट उलगडावं लागलं.